कापूस बोंडातून निघाल्यावर

(वर्धा जिल्ह्यातील एका गावी, प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण कापसाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, कापसाविषयी तुम्ही आम्हाला काय सांगणार? आमचा सारा जन्म पऱ्हाटीत गेला. खरे आहे. पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी याविषयी तुम्हाला शिकवावे असे आमच्याजवळ फारसे काही नाही. आम्ही बोलणार आहोत ते त्यापुढच्या कामाविषयी. बोंड फुटले, कापूस बाहेर दिसू लागला, तिथून तो जिनात जाईपर्यंतच्या दिवसांविषयी. हे दिवस थोडे असतात. पण वर्षभराच्या मेहनतीचा भाव बराचसा याच दिवसांत ठरतो.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंची आहे. नाव सांगत नाही. त्यांचे तीन एकरांचे वावर आहे. पहिला वेचा दिवाळीच्या सुमारास घरी आला. कापूस पांढराशुभ्र होता. त्यांनी तो ओसरीत रचला. भाव थोडा वाढेल म्हणून त्या थांबल्या. दुसरा वेचा आला. तो त्याच ढिगावर टाकला. मग अवेळी पाऊस आला. तिसरा वेचा ओलसर निघाला, आणि त्यात कवडीही होती. घरात जागा एकच. तोही त्याच ढिगावर गेला.

पुढे भाड्याची गाडी केली. गाडी भरताना तिन्ही वेचे एकमेकांत मिसळले. खरेदी केंद्रावर तपासणाऱ्याने गाडीत हात खोल घातला आणि कापूस काढला. तो निघाला नेमका तिसऱ्या वेच्याचा. त्याने ओलावा मोजायचे यंत्र लावले. आकडा बाराच्या वर गेला. तो म्हणाला, "माल परत न्या." गाडीचे भाडे तर चढतच होते. परत नेणे परवडणारे नव्हते. त्या संध्याकाळी सगळा कापूस एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात गेला. पहिला वेचाही त्याच भावात गेला.

त्या बाई आम्हाला म्हणाल्या, "चांगला कापूसबी त्याच्यातच गेला जी. त्याचा काय गुन्हा होता?"

त्यांच्या या प्रश्नाला तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून आम्ही थोडे वाचले, थोडे विचारले, काही जिने पाहून आलो. तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट ही, की अशी चूक करणाऱ्या त्या बाई पहिल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे. दीडशे वर्षांपूर्वी हिंगणघाटचे नाव विलायतेच्या बाजारात माहीत होते. तिथे कापसाच्या एका प्रकारालाच 'हिंगणघाट' म्हणत. तो होता आपला गावरान बणी कापूस. धागा त्या काळच्या देशी कापसात लांब, मऊ आणि चिवट. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कापूस हिंदुस्थानातल्या उत्तम कापसात गणला जाई.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत आपसांत युद्ध झाले. विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानाकडे हात पसरले. कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा आपल्या भागात रेल्वेही नव्हती. नागपूरपर्यंत आगगाडी आली ती 1867 साली. त्याआधी कापूस बैलांवर आणि बंड्यांतून जात होता. पण भाव आला तशी लबाडीही आली. हलका कापूस आणून चांगल्यात मिसळायचा आणि वर नाव हिंगणघाटचे सांगायचे, असे सुरू झाले. कापसातली भेसळ रोखायला मुंबईत 1863 साली कायदा करावा लागला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने कापसाचा वेगळा अधिकारीही नेमला. त्याला कापूस कमिशनर म्हणत. कायदा आला, अधिकारी आला, पण मिसळ थांबली नाही.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. बणीबरोबर आपल्याकडे जरी नावाचा आखूड आणि जाड धाग्याचा कापूस होता. तो काटक होता. त्यातून रुई जास्त निघे. वावरात हळूहळू बणी मागे पडली आणि जरी पुढे आला. बाजारात हिंगणघाट हे नाव राहिले, पण खरा हिंगणघाट कापूस मिळेनासा झाला.

यात शेतकऱ्याने पाप केले असे आम्ही म्हणणार नाही. चांगल्या धाग्याला वेगळा दाम मिळत नसेल आणि सगळा हिशेब वजनावर होत असेल, तर माणूस वजनच पिकवणार. दोष असलाच तर तो सगळ्यांना एका तराजूत घालण्याच्या रीतीचा होता. आणि ती रीत, मायबहिणींनो, अजून पुरती गेलेली नाही.

आता कापसाच्या गुणाची पारख कोण करतो आणि कशी करतो, ते पाहू.

जुने व्यापारी बोटांनी पारख करत. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागे सरळ करायचे आणि लांबी नजरेने पाहायची. अशी पारख करणारे हात अजूनही आहेत. पण एकाचे बोट एक सांगते, दुसऱ्याचे दुसरे. म्हणून 1921 साली देशात कापसासाठी एक मध्यवर्ती समिती नेमली गेली. तिने 1924 साली मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा काढली. निरनिराळ्या गावांचा कापूस तिथे येई. त्याचे सूत काढून पाहत, ते किती बारीक निघते, किती ताणले की तुटते, हे मोजत. ती संस्था आजही आहे. कापूस जिनात कसा काढावा याचे शिक्षण देणारे तिचे केंद्र आपल्या नागपुरात आहे. 1976 साली कापसाच्या संशोधनाची दुसरी मोठी संस्था नागपुरातच निघाली.

संशोधन हा शब्द कानाला मोठा वाटतो. मुळात ते मोजण्याचेच काम असते. आपल्या वर्ध्यातलाच दाखला घ्या. 1934 साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीजींच्या सांगण्यावरून जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. तिथे झवेरभाई पटेल यांनी तेलाच्या घाणीचा अभ्यास केला. घाणीत एका वेळी किती दाणे मावतात, तेल निघायला किती वेळ लागतो, ढेपेत किती तेल राहून जाते, हे त्यांनी मोजले. मग घाणीची घडण बदलली आणि पुन्हा मोजले. त्यातून जी सुधारलेली घाणी निघाली तिला देशभर 'वर्धा घाणी' म्हणू लागले. तेल्याचा धंदा जुनाच होता. त्यात मोजणे नवे आले. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि गावच्या धंद्यांविषयी संशोधन करते. वर्ध्याला गेलात की मगन संग्रहालयही पाहून या. ते 1938 सालचे आहे. चरखे, सूत, खादी सगळे पाहायला मिळेल.

तर कापसात काय मोजतात? धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद, रंग, कचरा आणि ओलावा.

पहिल्या तीन गोष्टी झाडावरच ठरतात. कापसाचा एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला एकेक केस. फूल उमलल्यावर साधारण तीन आठवडे तो केस लांब होतो. मग पुढचे तीन आठवडे तो आतून भरतो, जाड होतो. बोंड आत आहे तोवर हे काम चालते. पाणी तुटले, रोग आला, झाड लवकर वाळले, तर केस भरत नाही. असा कच्चा धागा रंग नीट धरत नाही आणि त्याच्या गाठी होतात. बोंड फुटल्यावर मात्र धागा वाढत नाही आणि भरतही नाही. तेव्हा बोंड उघडल्यावर तुमच्या आमच्या हाताने कापूस आणखी चांगला होणे शक्य नाही. जितका चांगला आहे तितका टिकवणे, एवढेच आपल्या हाती उरते.

रंग, कचरा आणि ओलावा या तीन गोष्टी मात्र बऱ्याचशा आपल्या हातच्या आहेत.

ओलाव्यापासून सुरुवात करू. तपासणाऱ्याने 12 टक्के सांगितले तर त्याचा अर्थ काय? शंभर किलो कापसात बारा किलो पाणी आहे. कापूस हाताला कोरडा लागला तरी त्यात पाणी असतेच. हवेतले पाणी तो ओढून घेतो. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलावा असलेल्या कापसाला पुरता आधारभाव मिळतो. त्यापुढे दर एका टक्क्याला भावातला एक टक्का कापतात. बाराच्या वर गेला की माल घेत नाहीत.

आता पाटीवर हिशेब मांडा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा आधारभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ओलावा 12 टक्के, म्हणजे चार टक्के कापले. 324 रुपये 40 पैसे गेले. हाती आले 7,785 रुपये 60 पैसे.

इथे मागे बसलेले एक काकाजी हसतात. त्यांना काय म्हणायचे आहे ते आम्हाला कळते. कापूस वाळवला तर वजन घटते, मग वाळवून मिळाले काय? काकाजी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. आम्हीही तो हिशेब केला. 12 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल कापूस 8 टक्क्यांवर आणला तर सुमारे 95 किलो 650 ग्रॅम भरतो. त्याचे पुऱ्या भावाने होतात सुमारे 7,757 रुपये. म्हणजे वाळवणाऱ्याला उलट 28 रुपये कमी मिळाले! काही लोक सांगतात, कापूस वाळवा आणि श्रीमंत व्हा. ते खरे नाही. ती कापणी म्हणजे पाण्याचे पैसे परत घेणे आहे. हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो.

मग वाळवायचा कशासाठी? त्या बाईंची गाडी आठवा. अकरा साडेअकरा टक्क्यांवर माल नेला आणि पहाटे धुके पडले, किंवा गाडी रात्रभर रांगेत उभी राहिली, की आकडा बाराच्या पुढे सरकतो. मग भाव कापणे नाही, सरळ माल परत. काठावर उभे राहून सौदा करू नये, एवढेच आम्ही म्हणतो. दुसरी गोष्ट, ओला कापूस ढिगात राहिला की आतून तापतो. ढिगात कोपरापर्यंत हात घाला, ऊब लागते. त्या उबेत पांढरा रंग पिवळा पडतो, आणि गेलेला रंग परत येत नाही. सरकीचाही गुण जातो. तिसरी गोष्ट, ओला कापूस जिनात अडकतो, सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात. फार कोरडाही बरा नाही. मग धागा जिनात तुटतो. म्हणून आठ ते नऊ हा आकडा धरून चाला.

घरी यंत्र नसले तरी एक जुनी परीक्षा आहे. कापसातली एक सरकी दाताखाली धरा. कट् असा आवाज होऊन फुटली तर कापूस वाळला. दबली, चेपली, तर अजून ऊन द्या. दात नसलेल्यांनी नातवाला सांगावे.

काही लोक वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडतात. हे तुम्हीही ऐकले आहे, आम्हीही ऐकले आहे. ते पाणी आता यंत्रात दिसते. आणि एकाने शिंपडले की तपासणारा मागच्या दहा गाड्यांकडे संशयाने पाहतो.

आता कचऱ्याकडे वळू. वाळलेले पान, नख, माती, काडी हा एक कचरा. सुतळी, प्लास्टिकच्या पोत्याचा धागा, केस, गुटख्याची पुडी, चॉकलेटचा कागद हा दुसरा. दोहोंत मोठा फरक आहे. पानाचा कचरा जिनातली आणि गिरणीतली यंत्रे बरीच झाडून काढतात. त्यात रुई वाया जाते, पण काम होते. प्लास्टिकच्या धाग्याचे तसे नाही. यंत्र त्याला काढत नाही, त्याचे तुकडे करते. एका धाग्याचे शेकडो बारीक तुकडे होऊन सुतात जातात. सूत पांढरे, तुकडाही पांढरा. कोणाला दिसत नाही. पुढे कापड निळे रंगवले की प्लास्टिक रंग घेत नाही, आणि निळ्या कापडावर पांढरे ठिपके उठतात. थान फुकट गेले. गिरणीवाला म्हणतो, या भागाचा कापूस नको.

तो धागा आला कुठून? खताच्या रिकाम्या पोत्यातून. वावरात कापूस त्याच पोत्यात भरतो, तेच पोते कापून त्याचीच दोरी तोंडाला बांधतो. फाटक्या पोत्याची कड उसवते आणि धागे कापसात जातात. उपाय अगदी साधा आहे. जुने सुती लुगडे किंवा धोतर घ्या, त्याचे गाठोडे करा, वेचणीची ओटीही सुती कापडाची शिवा. डोक्याला फडके बांधा म्हणजे केस पडत नाहीत. आणि पुरुषांनो, धुऱ्यावर बसून पुडी फाडायची ती खिशात ठेवा.

पान आणि नख यांचे मात्र वेचणाऱ्या बाईच्या हातावर आहे. इथे आम्ही वर्गात एकदा हे सांगत होतो. सकाळी दव वाळल्यावर वेचणी सुरू करा, सावकाश वेचा, खालच्या बोंडापासून वर जा म्हणजे वरचे वाळले पान खालच्या कापसावर पडत नाही, कवडी वेगळी ठेवा. आम्ही बोलत होतो आणि समोरच्या बाया गप्प होत्या. शेवटी एक आजी म्हणाली, "मास्तर, आमाले किलोवर पैसे भेटते. सवकाश येचलं तं माह्या रोजाचे पैसे कोन देईन?"

आम्हाला खाली पाहावे लागले. आजीचे म्हणणे खरे होते. सकाळच्या ओल्या कापसाचे वजन जास्त भरते. भराभर ओरबाडला, पाने आली, तरी वजन भरते. मजुरी वजनावर आहे, तोवर स्वच्छ वेचणाऱ्या बाईचा स्वच्छपणाबद्दल दंडच होतो. मालक व्यापाऱ्याला म्हणतो, तू मला वजनावर मोजतोस. आणि घरी येऊन तो मजूर बाईला वजनावरच मोजतो.

यावर एका गावात काही घरांनी एक गोष्ट करून पाहिली. पहिल्या दोन वेच्यांना किलोऐवजी दिवसाचा रोज द्यायचा, आणि बायांना दोन गाठोडी द्यायची. एक चांगल्या कापसाचे, एक कवडीचे. जे झाले ते सरळ सांगतो. दिवसाला कापूस कमी वेचला गेला. वेचणी लांबली. एका घराने धीर सोडला आणि पुन्हा किलोवर आले. ज्यांनी निभावले त्यांचा कापूस नजरेत भरण्यासारखा स्वच्छ होता. पण त्या दिवशी बाजारात व्यापाऱ्याने ढिगाला जो भाव पुकारला तोच त्यालाही दिला. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या ठिकाणी तपासणीत माल झटक्यात पास झाला आणि गाडी दुपारीच मोकळी झाली. फायदा दर वेळी दिसत नाही. आम्ही तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

वर्गातले एक भाऊ त्यावर चिडून म्हणाले, "मंग साफ कापूस येचून फायदा काय बा?" भाऊ, एकट्याने एक गाडी नेली तर कधी आहे, कधी नाही. त्याचे कारण पाहा.

एक क्विंटल कापूस जिनात घातला की साधारण 34 किलो रुई आणि 64 किलोच्या आसपास सरकी निघते. बाकीची घट. 170 किलो रुईची एक गठाण बांधतात. म्हणजे एका गठाणीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. तुमची एक गाडी जिनाच्या मोठ्या ढिगात पडली की ती कोणाची, हे कोणी सांगू शकत नाही. तुमचा पांढरा कापूस आणि दुसऱ्याचा पिवळा एकाच गठाणीत बांधला जातो. व्यापाऱ्याला ते आधीच माहीत असते. म्हणून तो सरासरीचा भाव देतो. हिंगणघाटच्या नावाचे जे झाले तेच रोज ढिगात होते.

पण गावातल्या वीस पंचवीस घरांनी एकाच वाणाचा, सारखा वेचलेला, वाळलेला कापूस एकत्र केला तर तो जिनात वेगळा चालवता येतो. गठाणी वेगळ्या बांधता येतात. प्रत्येक गठाणीतून नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवता येतो. मग लांबी किती, ताकद किती, कचरा किती, हे कागदावर येते. त्या कागदावर गठाणीचा नंबर असतो. गिरणीवाला कापूस न पाहता कागद पाहून घेतो. सरकीही आपल्या हाती राहते. तिचे तेल निघते, ढेप निघते. आज आपली सरकी आपण कापसाबरोबर देऊन टाकतो आणि पुढे गाईसाठी ढेप विकत आणतो. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या काही गटांनी आणि कंपन्यांनी अशा गठाणी बांधून विकायला सुरुवात केली आहे.

यात धोकाही आहे. जिनाचे पैसे आधी द्यावे लागतात. गठाणी ठेवायला गोदाम लागते. भाव उतरला तर सगळ्यांचा उतरतो. आणि ज्याला पोरीच्या लग्नाला उद्याच पैसे हवेत तो थांबू शकत नाही. गटात एकाने जरी ओला माल घातला तर बाकीच्यांचा घात होतो. म्हणून आधी पाच घरांनी करून पाहा. पंचवीस पुढे बघू.

गट नको असेल त्यांनीही एक काम याच हंगामात करावे. ढीग वेगळे ठेवावे. पहिले दोन वेचे एका बाजूला, पावसात सापडलेला आणि कवडीचा दुसऱ्या बाजूला. जागा नसेल तर मधे जुने लुगडे टांगा. जमिनीवर ताडपत्री किंवा लाकडी फळ्या घाला, भिंतीला कापूस टेकू देऊ नका, ओल भिंतीतून येते. चूल आणि बिडी लांब. गाडीतही वेगवेगळे न्या, दोन खेपा झाल्या तरी चालतील. कवडीचा भाव कमी येईल, येऊ द्या. पहिला वेचा तरी आपल्या भावात जाईल. त्या बाईंच्या प्रश्नाला आमच्याजवळ एवढे एकच उत्तर आहे.

कापूस घरात फार महिने ठेवू नका, हेही सांगायचे राहिले. भावासाठी लोक थांबतात, ते आम्हाला कळते. पण 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय हाहाकार केला ते तुम्ही पाहिले आहे. ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत झोपून राहते. घरातल्या ढिगात, पऱ्हाटीच्या काड्यांत, जिनाच्या आवारात ती उन्हाळा काढते आणि पुढच्या पिकावर येते. ढिगात अशा जुळ्या सरक्या दिसल्या तर तो कापूस आधी विका. फरदडीचा मोह सोडा, पऱ्हाटी वेळेवर उपटा.

शेवटी एक गोष्ट तुमच्या शिकण्याची. विक्रीनंतर जी पट्टी मिळते तिच्यावर तारीख, वजन, ओलावा, भाव, कापलेली रक्कम हे सगळे लिहिलेले असते. मागच्या वर्षापर्यंत तुमच्यातले पुष्कळ जण तिच्यावर अंगठा उठवून ती कनवटीला लावत होते. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तिथेच उभे राहून वाचा. ओलाव्याचा आकडा यंत्रावर कोणता होता आणि पट्टीवर कोणता लिहिला, ते ताडून पाहा. फरक दिसला तर शांतपणे विचारा. पुन्हा मोजा म्हणा. यात कोणाचा अपमान नाही.

पुढच्या बुधवारी वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या वावरातले एक फुटलेले बोंड आणावे. वाटेत पिशवीत कोंबू नका, हातात आणा. एका सरकीवरचे धागे आपण बोटांनी सरळ करू, काळ्या पाटीवर ठेवू आणि पट्टीने मोजू. मिलिमीटरच्या बारीक रेघा मोजायच्या आहेत, तेव्हा ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो आठवणीने घ्यावा. पाटीच्या एका अंगाला आपले नाव लिहायचे, दुसऱ्या अंगाला धाग्याची लांबी. आजीबाई, तुम्हीही या. तुमच्यासाठी पाटी आम्ही आणतो.